किल्ली कुणाकडे आहे?

मघापासून मागच्या रांगांतून शिट्ट्या मारणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मी पियानो शिकवते. निमंत्रण द्यायला आलेल्या मुलांनी, "मॅडम, करिअरवर बोला" असं सुचवलं होतं. पण करिअरवर बोलणारी माणसं तुम्हाला घरीदारी भेटतात, त्यांत माझी भर नको. दरवर्षी जून-जुलैत माझ्या दारात एक तक्रार येऊन उभी राहते, मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

बारावीचा निकाल लागतो, प्रवेश होतात. लहानपणापासून माझ्याकडे शिकणारी मुलं पेढे घेऊन येतात. कुणी सुरतकलला निघालेलं असतं, कुणी पिलानीला, कुणी थेट मँचेस्टरला. पेढा हातात ठेवतात आणि म्हणतात, "बाई, तिकडे पियानो नाही. आता चार वर्षं बंदच." हे सांगताना चेहरा पडलेला असतो, पण आईवडिलांच्या चेहऱ्यावर मात्र किंचित हायसं वाटल्याचे भाव असतात. आता अभ्यासाकडे लक्ष देईल! पियानोच्या आठव्या ग्रेडचं प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लागतं आणि विषय संपतो.

तो संपू नये असं मला वाटतं.

पियानोवाल्याची अडचण खरी आहे, हे आधी मान्य करते. बासरीवाला बासरी पिशवीत टाकतो. गाणाऱ्याला गळा आहे, तानपुरा आता मोबाइलमध्येही मिळतो. तबलजी तर वर्गातल्या बाकावरही हात चालवतो, मास्तरांनी बाहेर काढेपर्यंत. आमचं वाद्य मात्र भिंतीला लावायचा साधा अपराइट असला तरी दोनशे किलोंच्या घरात जातं. विख्यात पियानोवादक व्लादिमीर हॉरोविट्झ १९८६ मध्ये मॉस्कोला वाजवायला गेले तेव्हा स्वतःचा स्टाइनवे पियानो बरोबर घेऊन गेले होते. ते हॉरोविट्झ होते! बाकीच्या जगाला, अगदी नामांकित वादकांनाही, ज्या गावी जावं तिथला पियानो आपला म्हणावा लागतो. चार पट्ट्या वाजवून त्याचा स्वभाव ओळखायचा, कुठली पट्टी जड, कुठली हलकी ते बघायचं आणि त्याच्याशी जमवून घ्यायचं. हेही आमच्या शिक्षणातच येतं. घरच्या एकाच पियानोवर दहा वर्षं वाजवलेल्या मुलाला ते शिकायची संधी घर सोडल्यावरच मिळते.

मग नव्या गावात पियानो शोधायचा कसा? माझं उत्तर असं की पियानो शोधूच नका, किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. आपल्या देशात पियानो दुर्मीळ आहेत हे खरं, पण जे आहेत त्यांतले बरेचसे कुलपात आहेत. जुन्या शाळांची सभागृहं, चर्च, क्लब, मोठ्या हॉटेलांच्या लॉबी, जुन्या संस्थांचे स्टाफ क्लब इथे ते असतात. वर क्रोशाचं कापड, त्यावर फुलदाणी, आणि झाकणाला कुलूप. अधिकाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, "अर्ज द्या, बघू." वॉचमनला विचारा, शिपायाला विचारा. कुठल्या जुडग्यात कुठली किल्ली आहे आणि सभागृह कधी रिकामं असतं, हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं. अर्ज द्यायचाच आहे, पण काय मागायचं ते कळल्यावर. "पियानो वाजवायला मिळेल का?" या प्रश्नाला 'नाही' म्हणणं फार सोपं आहे. "मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच सभागृह रिकामं असतं, तेव्हा मी वाजवलं तर चालेल का? किल्ली सही करून नेईन, सही करून परत देईन," असं विचारलं की 'नाही' म्हणायला कारण शोधावं लागतं.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. चर्चला रविवारच्या प्रार्थनागीतांना साथ करणारं कुणीतरी हवंच असतं, नाताळात तर हवंच हवं. माझी एक विद्यार्थिनी हिंदू घरातली, आईने रोज शुभंकरोती म्हणून घेतलेली. शिकायला गेली त्या गावच्या चर्चमध्ये ती रविवारी सकाळी वाजवायची आणि त्या बदल्यात आठवडाभर दुपारी तिला पियानो मोकळा मिळायचा. तिचं साइट रीडिंग, म्हणजे समोर आलेली स्वरलिपी तिथल्या तिथे वाजवणं, माझ्याकडे कधी सुधारलं नाही तेवढं तिथे सुधारलं. शनिवारी रात्री हातात पडलेली चार गीतं रविवारी सकाळी वाजवायची म्हटल्यावर सुधारणारच, गायला सगळं गाव समोर उभं!

परदेशी जाणाऱ्यांचं काम पुष्कळ सोपं. तिकडे विद्यापीठाचा संगीत विभाग असेल तर सरावाच्या लहान लहान खोल्या असतात, एकेका खोलीत एकेक पियानो. काही ठिकाणी त्या फक्त संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या संगीत मंडळाचं सभासदत्व घेतलं की इंजिनिअरिंगवाल्यालाही दार उघडतं. वसतिगृहाच्या कॉमन रूममध्येही एखादा पियानो उभा असतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात तर येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेवलेला आहे. तिथे सराव करू नये, हे माझं मत. स्केल्स ऐकायला कुणी गाडी चुकवत नाही.

आता कीबोर्डबद्दल, कारण तुमच्यातले बहुतेक जण शेवटी तोच घेणार. परवडत असेल तर ८८ पट्ट्यांचा, हातोडीचं वजन जाणवणारा डिजिटल पियानो घ्या. नसेल परवडत तर ६१ पट्ट्यांचा घ्या आणि नाक मुरडू नका. मोझार्टच्या काळच्या पियानोलाही साधारण पाच सप्तकंच होती. फरक एवढाच, की ती एफपासून एफपर्यंत आणि तुमची सीपासून सीपर्यंत, त्यामुळे तळाचे काही स्वर हातातून सुटतात. बाखच्या दोन आवाजांच्या १५ इन्व्हेन्शन्स मात्र त्यात आरामात बसतात. १७२३ मध्ये त्याने त्या शिकणाऱ्यांसाठी नीट उतरवून काढल्या. एकेक दोन पानांची, पेडल लागत नाही, आणि दोन्ही हातांना सारखंच काम. डाव्या हाताने उजव्याच्या मागे हजेरी लावून चालत नाही. होस्टेलवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बॅगेत मी हे पुस्तक घालते.

हेडफोन लावला म्हणजे कुणाला त्रास नाही, असं मुलांना वाटतं. खालच्या खोलीत राहणाऱ्याला विचारा! सूर ऐकू येत नाहीत, पण पट्ट्यांची ठकठक टेबलाच्या पायांतून फरशीत उतरते आणि रात्री साडेअकराला त्याच्या छतावर सुतारकाम चालू होतं. टेबलाच्या पायांखाली दुपदरी घोंगडी घाला आणि दहानंतर बंद करा. रूममेटशी भांडून केलेला रियाज महिनाभरही टिकत नाही.

आणि काहीच नसेल तेव्हा? मिगेल आंखेल एस्ट्रेया नावाचा अर्जेंटिनाचा पियानोवादक होता. १९७७ मध्ये उरुग्वेच्या लष्करी राजवटीने त्याला पकडलं, त्याचे हाल केले. जगभरच्या संगीतकारांनी त्याच्या सुटकेसाठी आवाज उठवला, १९८० मध्ये तो सुटला. मधल्या काळात तुरुंगात त्याला एक मुका कीबोर्ड मिळाला होता, पट्ट्या हलणारा पण आवाज न करणारा. त्याच्यावर तो वाजवत असे, ऐकत असे मनात. होस्टेलमध्ये तुमच्यावर अशी वेळ येणार नाही. पण बसमध्ये स्वरलिपीचं पान उघडून, बोटं न हलवता सगळा तुकडा मनात वाजवून बघा. कुठे अडतं ते लगेच कळतं, आणि जिथे मनात अडतं तिथे हातही अडलेलाच असतो. १९९५ मध्ये मेंदूसंशोधक अल्व्हारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानो कधीच न शिकलेल्या माणसांवर एक प्रयोग केला. पाच बोटांचा एक धडा, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने तो प्रत्यक्ष वाजवला, दुसऱ्याने फक्त मनात. पाचव्या दिवशी मनात वाजवणारे जिथे पोचले होते, तिथे प्रत्यक्ष वाजवणारे तिसऱ्याच दिवशी पोचलेले होते. म्हणजे मनातला रियाज पट्टीवरच्या रियाजाची जागा घेत नाही. पण तो फुकट जात नाही, आणि त्याला किल्ली लागत नाही.

पालकांसाठी एकच वाक्य. मुलाला फोनवर "मेसमध्ये जेवण कसं आहे?" विचारता तसं "सध्या काय वाजवतोस?" हेही विचारा. विचारणारं कुणी असलं की वाजवणं चालू राहतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

आणि आता प्राचार्य सर, थोडं तुमच्याशी. मघाशी ग्रीन रूममध्ये चहा घेताना शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक अपराइट पियानो आहे. त्याच्यावर तुमच्या कॉलेजचे करंडक आणि ढाली मांडल्या आहेत, गेल्या वर्षीच्या नाटकातला एक मुकुटही आहे. झाकण उघडं होतं म्हणून मी वाजवून पाहिलं. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या त्या खालीच राहिल्या, फेल्टला कसर लागली आहे आणि सगळा पियानो जवळजवळ अर्ध्या सुराने उतरला आहे. तरी आतला साउंडबोर्ड शाबूत दिसतो. हा पियानो बरा होण्यासारखा आहे.

करंडकांना कपाट करून द्या. पियानो बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब हलवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ट्यूनरला बोलवा. माणूस मी सुचवते, पहिलं बिल माझ्याकडे पाठवा. किल्ली मात्र कार्यालयात ठेवू नका, ग्रंथालयात ठेवा, शेजारी एक वही ठेवा, आणि बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांना नाव-वेळ लिहून ती नेऊ द्या. तुमच्या वसतिगृहात पियानो येणारी मुलं आहेत की नाहीत, ते महिन्याभरात त्या वहीवरून कळेल. मुलांनो, वही ठेवली गेली की नाही हे विचारायचं काम तुमचं. सोमवारपासून विचारायला लागा.