यंत्रमानव उचलताना

शिर्डीच्या परिसराला अवजड वस्तू उचलण्याची विद्या नवी नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, तेव्हापासून उसाच्या मोळ्या, मिलचे लोखंडी रोलर, ट्रॅक्टरची चाके हे सारे या भागाच्या अंगवळणी पडले आहे. आता येथील विद्यार्थीही स्पर्धेसाठी यंत्रमानव बांधू लागले आहेत. आशिया-पॅसिफिक विभागाची 'रोबोकॉन' स्पर्धा २००८ व २०१४ साली पुण्यासच भरली होती. दुरुस्तीसाठी हा यंत्रमानव जमिनीवरून टेबलावर घ्यावयाचा, एवढेच काम. परंतु मुलांची बोटे आणि कंबर सापडतात ती याच क्षणी.

मोठ्या यंत्रमानवाचे वजन ५० किलोपर्यंत सहज जाते. धान्याचे पोते १०० किलोवरून ५० किलोवर यावे म्हणून बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने दीर्घकाळ लढा दिला. कसलेल्या हमालासाठी जी मर्यादा मागावी लागली, ते ओझे विद्यार्थ्याने एकट्याने उचलणे हा पराक्रम नव्हे.

उचलण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून बॅटरी काढावी. हवेच्या दाबावर चालणारे यंत्र असल्यास टाकीतील हवा सोडावी, वर उचललेला हात खाली आणावा. अन्यथा तो अचानक सुटतो. बॅटरी काढल्याने ओझेही हलके होते. हात घालावयाचा तो मुख्य सांगाड्याला. चाक, साखळी वा पुढे आलेल्या भुजेला नव्हे. किमान दोघांनी, जड यंत्रास चौघांनी, गुडघे वाकवून, एकाच्याच हुकुमाने उचलावे. हुकूम देणारे दोघे झाले की घोटाळा ठरलेलाच.

टेबल कंबरेइतके उंच व भक्कम असावे. त्यास चाके असतील तर ती जखडावीत. सांगाड्याखाली लाकडी ठोकळे ठेवून यंत्राची चाके अधांतरी राहू द्यावीत, म्हणजे मोटर चुकून फिरली तरी यंत्र टेबलावरून धावत सुटणार नाही. जॅकचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे नव्हे. तेलाचा वायसर गळू लागला की तो खाली बसतो. म्हणून जॅकने उचललेल्या यंत्राखाली हात घालण्यापूर्वी घोडी लावलीच पाहिजे. साखळी-कप्पी पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगण्याची हौस मात्र शाळांनी करू नये. तो अँगल पत्र्याचा भार पेलण्यासाठी असतो. महागड्या उचलयंत्रापेक्षा गावच्या सुताराने केलेले मजबूत टेबल पुष्कळ बरे.

दुरुस्ती संपल्यावर बॅटरी जोडून चाके वरच फिरवून पाहावीत, सर्वांचे हात दूर ठेवून. मग बॅटरी पुन्हा काढूनच यंत्र खाली उतरवावे.