आतड्यातील राखणदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी मोहाडी येथे दिलेले व्याख्यान)



"दात येताना हगवण लागायचीच," असे म्हणून तान्ह्या मुलाचा आजार अनेक घरांतून अंगावर काढला जातो. यात दातांचा दोष नाही. त्याच वयात मूल रांगू लागते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि रोटाव्हायरससारखा विषाणू पोटात जातो. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींत तो वाढतो व त्यांचा नाश करतो. मग पाणी नीट शोषले जात नाही. वांत्या-जुलाब होऊन मूल पाहता पाहता सुकते.

परंतु निसर्गाने तेथे राखणदारही बसविले आहेत. धानाच्या बांधीला जसा धुरा, तसे हे अस्तर. आणि त्याला लागूनच पांढऱ्या पेशींची वस्ती. काही पेशी शत्रूची ओळख पटवितात, काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात, तर काही प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे आतड्यात उतरून विषाणूला चिकटली, की त्याला अस्तरावर पाय रोवता येत नाही. काही पेशी शत्रूला लक्षात ठेवतात. म्हणून पुढच्या खेपेचा आजार बहुधा सौम्य असतो.

आजारावाचून ही ओळख करून देणे, हेच लसीचे काम. टोचलेल्या लसीने प्रतिपिंडे मुख्यतः रक्तात वाढतात. आतड्यातील राखणदारांना शिकवायचे, तर लस तोंडावाटे देणे सोयीचे. म्हणून रोटाव्हायरसची लस पाजतात. भारतात तयार झालेल्या 'रोटाव्हॅक' लसीची चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे सुमारे ६,८०० बालकांवर झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिने पहिल्या वर्षातील या विषाणूचा तीव्र आजार निम्म्याहून अधिक टाळला. सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली; महाराष्ट्रात ती २०१९ साली आली.

निम्म्याहून अधिक म्हणजे सर्व नव्हे, हेही ध्यानी असू द्या. बाळाला पहिला चीक अवश्य पाजा. त्यातही ही प्रतिपिंडे असतात. जुलाब लागताच जलसंजीवनी द्या, अंगावरचे दूध बंद करू नका, आणि मूल मलूल दिसले तर दवाखाना गाठा.

सुना रोवणीला गेल्या, तर सासूबाईंनी नातवंडाला लसीसाठी न्यावे. सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा, एवढे तीन दिवस कोणत्याही घाईत चुकवू नयेत, हीच विनंती.