वही कोणाच्या हातात?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले आहे, आणि त्यावर आम्ही बोलणारच. पण मागच्या बैठकीनंतर चहाच्या टपरीवर एका तरुणाने आम्हाला गाठले. म्हणाला, ‘‘मी पदवी घेतली. औरंगपुऱ्यात खोली करून पाच वर्षे स्पर्धा परीक्षा दिल्या. आता गावी आलोय. बाप चौथी शिकलेला. पण घरात पैशाचा प्रश्न आला की सगळे बापाकडे बघतात. मग मी पंधरा-सोळा वर्षं शिकलो काय?’’ उभ्या उभ्या उत्तर देता येईना. ते आज देतो.

शाळेत आपण सगळे सरळव्याज शिकलो. द.सा.द.शे. म्हणजे दरसाल दर शेकडा. गणित पाठ, मार्क पक्के. गावात मात्र पैसे ‘शेकडा तीन’ने मिळतात, आणि ते असतात दरमहा. म्हणजे वर्षाला छत्तीस. जूनमध्ये पेरणीला ५० हजार उचलले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर व्याज १२ हजार. तेच पीककर्ज बँकेच्या ७ टक्क्यांनी घेतले तर आठ महिन्यांचे व्याज अडीच हजारांच्या आत, आणि वेळेत फेडले तर सवलत वेगळी. तरी पदवीधर पोरगा म्हणतो, तीनच तर टक्के आहेत! दुकानातली उधारी तर कोणत्याच सूत्रात बसत नाही. खताच्या गोणीचा रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. मधल्या फरकाला कोणी व्याज म्हणत नाही, एवढेच.

दुसऱ्याच्या पोराला हसायचा आम्हाला हक्क नाही. आम्हीही शेतीचे पदवीधर. उत्पादन खर्चाचे ए-१, ए-२, बी, सी असे सगळे प्रकार परीक्षेत लिहून आलो होतो. त्यानंतर पहिल्याच वर्षी फुलंब्री तालुक्यातल्या एका ओट्यावर आम्ही दोन ओळींतले अंतर आणि एकरी झाडांची संख्या समजावत बसलो होतो. मागे एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘लेकरा, पिकेल तुझं. पण राहील किती?’’ आम्ही वहीत बियाणे, खत, औषध, मजुरी मांडून आकडा सांगितला. ती बोटांची पेरं मोजत ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘अन् माझा रोज कुठं धरला? सुनेचा?’’

ज्याला पुस्तकात कौटुंबिक श्रम म्हणतात, ते आम्हाला त्या ओट्यावर कळले. म्हातारीला सही येत नव्हती.

तेव्हापासून आम्ही हिशेब तिच्या पद्धतीने मांडतो. समजा, एक एकर कोरडवाहू कापूस. मशागत ३ हजार, बियाण्याची दोन पाकिटे १८००, खत साडेचार हजार, निंदणी-कोळपणी ५ हजार, फवारणी ४ हजार. पाच क्विंटल निघाला तर किलोला १० रुपयांप्रमाणे वेचणी ५ हजार. गाडीभाडे आणि हमाली ७००. बेरीज २४ हजार. गावातच व्यापाऱ्याला ७ हजारांनी दिला तर हातात ३५ हजार. घरात आनंद, ११ हजार राहिले!

आता म्हातारीचा प्रश्न विचारा. घरची दोन माणसे वीस-वीस दिवस राबली, ३०० रुपये रोज धरला तर १२ हजार. म्हणजे ११ हजार राहिले नाहीत, हजार रुपये अंगावर आले. जमीन खंडाने दिली असती तर मिळाले असते ते १० हजार आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज २ हजार धरा. तोटा १३ हजार. सरकारने २०१८ साली दीडपट हमीभाव जाहीर केला, तो म्हातारीच्या आकड्यावर. शेवटच्या आकड्यावर नाही. तुमच्या रानाचे आकडे वेगळे येतील, यायलाच पाहिजेत. पण किती जणांनी ते काढले आहेत?

ज्वारीत याच्या उलट चूक होते. दाण्याचा भाव पाहून ‘ज्वारी परवडत नाही’ म्हणतो आणि कडबा धरायचा विसरतो. घरच्या बैलांनी खाल्ला म्हणून तो फुकटचा झाला काय? तो विकत आणावा लागला असता तर काय पडला असता, ते मांडून बघा.

हा धडा आपल्या चळवळीला नवा नाही. शरद जोशी वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, टपाल खात्यातले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी. तेवढ्या शिक्षणाने त्यांना शेतीचे अर्थशास्त्र कळले नाही. १९७७ साली ते परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिकवून बाजारात नेले, तेव्हा कळले. माल विकून वर आपणच पैसे देणे लागतो, ती उलटी पट्टी काय असते हे कोणत्या कॉलेजात शिकवतात? पण दुसरी बाजूही बघा. उलटी पट्टी त्यांच्या आधी हजारोंनी पाहिली होती आणि नशीब म्हणून घडी करून खिशात ठेवली होती. तिच्यामागचे धोरण दिसायला आकडेमोडीत तयार झालेले डोके लागले. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. पुढे आंबेठाणच्या शिबिरांत कार्यकर्ते बसले, ते हा हिशेब शिकायला.

म्हणून शाळेला शिव्या देऊन टाळ्या घ्यायच्या, हे आम्हाला मान्य नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणबी उठले. सुप्यापासून सुरुवात झाली. सावकारांची घरे गाठून त्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे आणि कागद जाळले. कारण आपण कशावर अंगठा दिला, हे त्यांना वाचता येत नव्हते. आज आपल्याला वाचता येते. सातबारा, पावती, पट्टी, बँकेचा उतारा हे सगळे घरातले पोर वाचू शकते. पण त्याच्या पुढ्यात ते टाकतो कोण?

आणि आपल्याला पैशाचे शिकवणारा गुरू नाही, असेही नाही. आहे ना! कधी विकायचे, कोणते औषध मारायचे, पोरीच्या लग्नाला किती उचलायचे, सगळे तो सांगतो. तो दुकानदार असतो, आडत्या असतो, सावकार असतो. कधी तिन्ही एकच. माणूस वाईट असतो असे नाही. अडीअडचणीला तोच धावतो. पण वही त्याच्या हातात आणि त्याचे पोट आपल्या उधारीवर. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. दिवाळीच्या तोंडावर देणे फेडायला ७ हजारांनी कापूस सोडला, तर पाच क्विंटलमागे साडेपाच हजार गेले. ओलावा जास्त भरला तर केंद्रावर कपात होते, हे मान्य. पण वाळवून महिनाभर थांबता येत नाही, ते ओलाव्यामुळे नाही. ज्याचे देणे त्यालाच माल, असे ठरलेले असते म्हणून.

आता जे बोलायला जड जाते ते बोलतो. ज्या घरात कर्त्याने जीव दिला, अशा घरी आम्ही जाऊन बसलो आहोत. बायकोला बँकेचे कर्ज माहीत असते. हातउसने, दुकान, सोने गहाण, हे तेराव्यापर्यंत एकेक माणूस येऊन सांगतो तेव्हा कळते. शिकलेला मुलगा तिथेच बसलेला असतो. त्याला बापाने कधी विचारले नाही, त्यानेही विचारले नाही. पोराच्या अभ्यासाला त्रास नको म्हणून बाप गप्प, आणि खोलीभाडे त्याच कापसातून जाते म्हणून पोरगा गप्प.

टपरीवरच्या त्या भावाला आमचे उत्तर असे. तुझ्या बापाला कोणाचे किती, कधीचे, हे ठाऊक आहे. त्याने बेरीज केलेली नाही, कारण ती बघायची भीती वाटते. तुला बेरीज येते, पण आकडे तुझ्याकडे नाहीत. दोघे एका रात्री बसा, आईला मध्ये घ्या. रोज कुठे धरला, हे तीच विचारील.

गावात काय करायचे? शेतीशाळा तुम्ही पाहिल्या आहेत. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतात ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे कृषी खात्याने कापसात आणली. बांधावर जायचे, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी. फळ्यावर शंभरदा सांगून जे होत नाही, ते मोजल्यावर होते. पण तिथे अळी मोजतात, रुपये नाही. जिथे शेतीशाळा भरते तिथे शेवटचा एक तास हिशेबाला ठेवा. जिथे भरत नाही तिथे संघटनेच्या शाखेने दर पंधरा दिवसांनी पारावर बसावे. ज्याच्यावर उधारी नाही आणि ज्याचे दुकान नाही, असा एक जाणता माणूस किंवा बाई मध्ये बसवा. लिहायला आठवी-नववीच्या पोरी घ्या. अक्षर त्यांचे चांगले असते. कर्जाचे पान कोणी कोणाला दाखवायची सक्ती नाही. ते पान घरच्यांसमोर मात्र उघडायचे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान पाच एकरांचे हिशेब आणावेत, तीन कापसाचे, दोन ज्वारीचे, कडब्यासकट. कापसाच्या भावावर बोलताना आम्हाला ते समोर लागतील. वह्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा, आणि नाव मात्र घरातल्या बाईचे घाला.