माणूस बसलेले यंत्र



ज्वारी-कापसाच्या या परभणी जिल्ह्यात, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून जपानी चित्रमालिकांतल्या लोखंडी राक्षसांविषयी बोलायचे म्हणजे धाडसच. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ पाहिलेली मुले आज केस पिकवून या सभेतही बसली असतील. मनगटावरच्या घड्याळात बोलून एक पोरगा त्या अजस्र यंत्राला हुकूम देई. ती मालिका खऱ्या नटांची होती, चित्रांची नव्हे. पण तिचा मूळ कल्पक मित्सुतेरू योकोयामा हाच या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष.

योकोयामा कोबे शहरातला. १९४५ साली बी-२९ विमानांनी ते शहर जाळले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. १९५६ साली त्याने ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा आरंभली. १९६३ साली ती दूरचित्रवाणीवर आली. युद्धासाठी घडवलेले यंत्र युद्ध संपल्यावर एका मुलाच्या हाती येते. त्याला स्वतःची बुद्धी नाही. नियंत्रणाची पेटी चोराने पळवली की ते चोराचे! आमच्या गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल आपण होऊन आला, असे आपण ऐकत आलो. या यंत्राला मात्र आज्ञा लागते, आणि ती कोणाची, यातच कथेचा जीव आहे.

१९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, मराठवाडा दुष्काळात होरपळला, आणि त्याच डिसेंबरात तिकडे गो नागाई यांची ‘माझिंगर झेड’ सुरू झाली. वाहनांच्या कोंडीत अडकले असता, मोटारीला पाय फुटून ती पुढच्या गाड्या ओलांडून गेली तर, असे त्यांच्या मनात आले म्हणतात. पेटी गेली, मुलगा यंत्राच्या डोक्यातच जाऊन बसला. ट्रॅक्टरवर पहिल्यांदा चढलेल्या पोराचा चेहरा ज्याने पाहिला, त्याला यातली मौज काय सांगावी? पण मरणोन्मुख आजोबा नातवाला बजावतात, की याच्या बळावर तू देव होशील किंवा दैत्य.

या मालिका खेळणी खपावीत म्हणूनही निघत, हे आम्ही जाणतो. तरी १९७९ साली योशियुकी तोमिनो यांनी ‘गंडम’ काढली, तिला प्रेक्षकच मिळेनात. ५२ भागांचा बेत ४३ वर आटोपला. पुढे पुनःप्रक्षेपणांनी, प्लास्टिकच्या प्रतिकृतींनी आणि १९८१-८२च्या चित्रपटांनी तिला उचलून धरले. तिच्यात यंत्र बिघडते, दारूगोळा संपतो, आणि आत बसलेला पोरगा थकतो. हा आमुरो बराच काळ दुरावलेल्या आईला भेटतो, तेव्हा शत्रूचे शिपाई शोधत येतात, आणि तो तिच्यादेखत गोळी झाडतो. आईला धक्का शत्रूचा नाही, मुलाचा बसतो. निघताना तो तिला शिपायासारखा सलाम करतो आणि जहाजाकडे वळतो. आई मागे रडत राहते.