कॅम्परव्हॅनची ट्रिप आपल्यासाठी आहे का? आईच्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट

आजचा एपिसोड चिचगडहून. म्हणजे गोंदिया जिल्हा, देवरी तालुका, महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक नागपूरला केलं, कंपनी पुण्याची, आणि सध्या काम घरून. त्यामुळे मागे कोंबडा आरवला तर समजून घ्या.

विषय असा, की रील्समध्ये आपण सगळेच बघतो. मोठी गाडी, आत पलंग, किचन, दार उघडलं की समोर डोंगर. खाली कमेंट एकच, 'एकदा तरी करायचंय.' मीही लिहिली होती. मग खरंच करायला गेलो. काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे आणि वाद दोन्ही वाचतील.

सुरुवात आईपासून. माझ्या आईने समुद्र पाहिलेला नाही. बीपीची गोळी सुरू आहे, तिच्यामुळे तिला सारखं बाथरूमला जावं लागतं. म्हणून कुठे निघायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही. चिचगड ते नागपूर, पूर्ण प्रवास कोरडा. बाटली पुढे केली की म्हणते, "पानी पेलं का उतरा लागते, अन् उतराले जागा कुठं हाये?"

हे मी लहानपणापासून बघतोय, पण मला ते कधी 'प्रॉब्लेम' वाटलंच नव्हतं. आईचा स्वभाव वाटायचा. तर कॅम्परव्हॅन बघितल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार डोंगराचा नाही आला. आत टॉयलेट आहे, हा आला.

लगेच एक्सेल उघडलं. चिचगड ते गणपतीपुळे, जाऊन-येऊन धरले साधारण २,४०० किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झालाय, त्यामुळे नागपूरच्या पुढचा रस्ता सोपा. आम्हाला गाडीचा भाव मिळाला दिवसाला ९,००० रुपये. सात दिवसांचे ६३,०००. एवढी मोठी गाडी लिटरला १० किलोमीटर देते असं धरलं तर डिझेल २४० लिटर, ९० रुपयांनी २१,६००. झाले ८४,६००, आणि टोल वेगळा. मी म्हटलं, चालेल, आईसाठी आहे.

बाबा मात्र म्हणाले, "आधी दोन रात्री घेऊन पाय. बैलसुद्धा जुंपून पाहूनच घेतेत." बाबांच्या लहानपणी महाशिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेला बंडी निघायची. तांदूळ, गंज, तणस सगळं बंडीत, रात्री बंडीखालीच झोप. म्हणजे कॅम्परव्हॅन आमच्याकडे नवीन नाहीच, फक्त तिला बैल होते.

तर दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत, आम्ही चौघं (आई, बाबा, बहीण आणि मी) दोन रात्रींसाठी गाडी घेऊन निघालो. जागा जवळचीच, नवेगावबांध. कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात तो जुना तलाव, भोवती जंगल. मारुती चितमपल्लींनी ज्याच्यावर पुस्तक लिहिलं तेच नवेगाव.

पहिला धडा: 'कुठेही थांबा' हे खरं नाही. जंगलाच्या कडेला गाडी लावून झोपू, असं मनात होतं. पण नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे आपल्या मर्जीने मुक्काम करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळप आला आणि पुढे आमच्या जिल्ह्याच्या हद्दीतही शिरला. धानाच्या बांधावर रात्री गाडी लावायला कोणीही शहाणा माणूस हो म्हणणार नाही. शेवटी गाडी लावली आत्याच्या अंगणात. त्या गल्लीत शिरताना बहीण पुढे चालत होती, हातात बांबू, वरची विजेची वायर उचलून धरायला नाही हं, फक्त उंची मोजायला. वायरला हात लावायचाच नाही. गाडी जेमतेम निघाली.

दुसरा धडा: आतलं सगळं मोजकं असतं. टाकी १०० लिटरची. शॉवर मिनिटाला ८ लिटर धरला तर चार मिनिटांच्या आंघोळीला ३२ लिटर. तीन माणसं झाली की टाकी संपली, चौथा आत्याच्या विहिरीवर. बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे २,४०० वॉट-अवर. एसी सरासरी १,२०० वॉट खात असेल तर दोन तासांत खल्लास. छोटा पंखा ३० वॉटचा, रात्रभर आठ तास चालला तरी २४०. नोव्हेंबर होता म्हणून पंखासुद्धा लागला नाही. मे महिन्यात विदर्भात हीच गाडी न्यायची असेल तर बाहेरून वीज मिळणारी जागा हवीच. आम्ही आत्याच्या घरातून वायर ओढली, इंडक्शन आणि गिझर एकदम लावले, आणि आत्याच्या घरचा फ्यूज उडाला. टीव्हीवर मालिका सुरू होती. पुढचं मी सांगत नाही.

तिसरा धडा, मुख्य. पहिल्या दिवशी आईने पाणी प्यायलं. चांगलं पोटभर. चहा दोनदा. मी आतून इतका खूश, की बहिणीला डोळ्यांनीच खुणावत होतो.

या गाड्यांतल्या टॉयलेटला खाली एक डबा असतो, कॅसेट म्हणतात, साधारण २० लिटरचा. चार माणसांत दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा लागला. परदेशात अशा डब्यांसाठी कॅम्पिंगच्या जागी वेगळी सोय असते. आपल्या रस्त्यांवर ती शोधूनही मिळणं कठीण. गाडीवाल्याने सांगितलं होतं, कोणत्याही संडासात ओता. मी डबा काढला, आत्याच्या अंगणातून मागच्या संडासाकडे नेला, ओतला, धुतला. मला खरंच काही वाटलं नाही.

वळून पाहिलं तर आई बादली घेऊन मागे उभी. काहीच बोलली नाही. माझ्या हातावर पाणी घातलं, साबण दिला.

त्या दिवशी तिने पाणी प्यायलं नाही. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुह्या हातानं नको बाबू. मी राह्यतो तशीच."

मंडळी, मी टॉयलेट दिलं होतं, पण तिचा प्रश्न टॉयलेट नव्हताच. आपल्यामुळे कोणाला त्रास नको, हा होता. बस थांबवायला सांगायची लाज आणि मुलाने डबा उचलायची लाज, तिच्यासाठी एकच. ऑफिसात आम्ही रोज म्हणतो, युजरला काय हवंय ते आधी विचारा. घरच्या युजरला मी विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. रात्री गाडीच्या पायरीवर बसून. तिने तीन गोष्टी सांगितल्या: दार लागलं पाहिजे, कोणाला थांबवावं लागू नये, आणि घाण घरच्या माणसाने उचलायची नाही. मी फोनवर लिहून घेतलं. लिहिता लिहिता बाबा बाजूने म्हणाले, "म्हंजे रेल्वे."

हो ना! गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी निघते, सकाळी मुंबईत. झोपायला बर्थ, डब्यात टॉयलेट, कोणाला थांबवायचं नाही. पुढे कोकण रेल्वेने रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे टॅक्सीने तासाभराच्या आतबाहेर. चौघांचं एसीचं भाडं गाडीच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

मग कॅम्परव्हॅन वाईट का? अजिबात नाही. बहिणीला फार आवडली, ती मैत्रिणींसोबत पुन्हा नेणार आहे. तर तुमच्यासाठी आहे का, हे ठरवायला मी स्वतःला आता हे प्रश्न विचारतो:

एक, तुम्हाला रस्ता हवाय की ठिकाण? एकाच जागी पोहोचायचं असेल तर रेल्वे आणि हॉटेल बरं. रोज नवीन गाव, वाटेतलं थांबणं हीच मजा असेल तर गाडी.

दोन, रात्री गाडी कुठे लावणार? प्रत्येक रात्रीचं नाव लिहा. 'बघू' असं दोनदा लिहावं लागलं तर थांबा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, केरळनेही त्याच वर्षी. जिथे खास पार्क आहे तिथून सुरुवात करा.

तीन, डबा कोण ओतणार, भांडी कोण घासणार, पाणी कोण भरणार? नावं आधी ठरवा. सगळ्यावर आईचंच नाव येत असेल तर ती तिची सुट्टी नाही, स्वयंपाकघराला चाकं लावलीत फक्त.

चार, चालवणार कोण? ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते. पण लायसन्स असणं वेगळं आणि घाटात एवढी गाडी मागे घेता येणं वेगळं. जमत नसेल तर ड्रायव्हरसकट घ्या, आणि मग तो झोपणार कुठे, तेही विचारा.

पाच, कागद. भाड्याची गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची असेल तर घेऊच नका. आरसी आणि विमा बघा. स्वतःची गाडी कापून-जोडून बनवायचा विचार असेल तर आरटीओच्या परवानगीशिवाय नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

आणि सहावा, मी जो विसरलो तो: ज्याच्यासाठी ट्रिप करताय, त्याला विचारलंत का?

जानेवारीची तिकिटं काढलीत. चार बर्थ, त्यातला आईचा खालचा. काल तिने स्वतःहून नवीन बाटली आणली, एक लिटरची. मला विचारते, "गाडीत पानी भेटते ना, का घरूनच भरून नेवाचं?"

म्हटलं, दोन्ही. भेटू पुढच्या एपिसोडला, गणपतीपुळ्याहून. काळजी घ्या, आणि प्रवासात पाणी प्या.