शस्त्रक्रियेनंतरचे तीन आठवडे

(वर्धा जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका अस्थिशल्यचिकित्सकाने केलेले भाषण)



रस्ते, पाणी व पीककर्ज हे विषय बाजूस ठेवून आपल्यासमोर एका तान्ह्या मुलाच्या पावलाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दर हजार जन्मांमागे एका-दोघा बालकांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते. टाच वर ओढलेली असते व तळवा आतल्या बाजूस फिरलेला असतो. मुलींपेक्षा मुलांत हे व्यंग सुमारे दुप्पट आढळते आणि जवळजवळ निम्म्या बालकांत ते दोन्ही पायांना असते. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले म्हणून असे झाले, असे गावोगावी बोलले जाते. त्यास कोणताही आधार नाही. पण या बोलण्याने घडते ते असे की, माता ते पाऊल गोधडीखाली झाकून ठेवते आणि उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात.

उपचाराची आज सर्वत्र मान्य झालेली पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी गेल्या शतकाच्या मध्यास घडविली. पाऊल हाताने हळुवारपणे थोडे थोडे वळवावयाचे आणि दर आठवड्यास नवे प्लास्टर घालावयाचे, अशी ती रीत. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. टाचेमागची कंडरा, जिला बोलीत आपण शीर म्हणतो, ती मात्र बहुतेक बालकांत आखूडच राहते. ती एका बारीक छेदातून कापतात व मांडीपर्यंतचे शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात.

ही शस्त्रक्रिया काही मिनिटांचीच असते. कापलेली कंडरा मात्र पुढच्या तीन आठवड्यांत लांब होऊन पुन्हा सांधली जाते, आणि तेवढा काळ प्लास्टर हाच तिचा साचा असतो. तो साचा सांभाळण्याचे काम शल्यचिकित्सकाच्या हातून सुटून घराच्या हाती येते.

दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करीत असताना एका आजीने आठव्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून नातवाचे प्लास्टर उतरविले. मूल दोन रात्री रडत होते, तिला ते पाहवले नाही. टाच पुन्हा वर ओढली गेली आणि सारे नव्याने करावे लागले. त्या आजीवर आम्ही रागावलो. रागवायला नको होते. कोणते रडणे साधे आणि कोणते धोक्याचे, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. सूचना दिल्या होत्या त्या बापाला, ओसरीत उभ्याउभ्या, दोन वाक्यांत.

म्हणून ज्या गोष्टी त्या आजीला सांगावयास हव्या होत्या, त्या आज आपल्यापुढे ठेवतो. प्लास्टर घट्ट होताना गरम लागते, त्यास भिऊ नये. ते पुरते वाळण्यास एक-दोन दिवस लागतात. तोवर पाय मऊ उशीवर, छातीहून किंचित उंच ठेवावा. ओल्या प्लास्टरची टाच पाटावर टेकली तर खळगा पडतो आणि तेथेच आत कातडीस जखम होते. वाळविण्यासाठी चुलीजवळ नेऊ नये. टाचेपाशी रक्ताचा लहानसा डाग दिसणे अपेक्षितच असते, तो पसरत गेला तर मात्र दवाखाना गाठावा.

बोटे दिवसातून चार-पाच वेळा पाहावीत. नख दाबून सोडले की पांढरेपणा जाऊन लगेच गुलाबी रंग परत यावयास हवा. बोटे निळी किंवा पांढरीफटक, थंड वा सुजलेली असतील, ती आत सरकून दिसेनाशी झाली असतील, दुर्गंधी किंवा ताप असेल, पाजून व जवळ घेऊनही मूल शांत होत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नये. याखेरीजचे रडणे बहुधा भूक, उकाडा किंवा ओला लंगोट यांचे असते.

लंगोट प्लास्टरच्या काठाच्या वर राहील असा बांधावा व वरचेवर बदलावा. तीन आठवडे आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसावे. रोजची तेलाची मालिश उरलेल्या अंगास खुशाल करावी, पण प्लास्टरच्या काठाशी तेल नको व पावडरही नको. खाज सुटली म्हणून आत काडी घालू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात घामाने हा त्रास वाढतो, तेव्हा मुलास सावलीत, वाऱ्याशी ठेवावे.

हे सारे सांगणे सोपे आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आईची मजुरी बुडते, बाळाची झोळी बांधावर टांगली जाते आणि त्याच्याजवळ बसण्यासाठी थोरल्या बहिणीला शाळेतून काढले जाते. शिक्षक बंधूंनो, तीन आठवडे गैरहजर असलेल्या मुलीचे कारण विचारा. पुष्कळदा ते दुसऱ्याच कोणाच्या पायात असते. त्या काळात अंगणवाडीत किंवा शेजारी बाळ सांभाळण्याची सोय करणे हे पंचायतीस अशक्य नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात व सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहेत. पण आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील आडगावाहून तेथे जाऊन परत येण्यात अख्खा दिवस जातो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी असे दिवस दर आठवड्यास काढावे लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत तपासणी करतात व वाकडे पाऊल त्यांच्या यादीत आहे. तरीही पथकाची वाट पाहू नये. प्रसूतीनंतर घरभेटीस जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने गोधडी दूर करून दोन्ही पावले पाहावीत.

प्लास्टर निघाल्यावर पाऊल इतके सरळ दिसते की घरातील माणसे समाधानाने उपचार संपल्याचे मानतात. तेथेच घात होतो. पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ रात्रंदिवस आणि त्यानंतर वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना घालावे लागतात. ते सोडून देणे हेच पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. या काळात मूल वाढते आणि बूट पुन्हा पुन्हा लहान पडतात. पुढचा जोड कोठे, कधी व कोणाकडून मिळेल, हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच मातेस लिहून द्यावे आणि त्याची एक प्रत अंगणवाडीत ठेवावी, अशी माझी येथील अधिकाऱ्यांना विनंती आहे.