रोवणीचं गाणं आणि कुमारजी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू गाण्यातला माणूस, दहा मिनिटं गाण्यावर बोल." मी गाण्यातला नाही, ऐकण्यातला माणूस आहे. बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डी, कॅसेटी जमवल्या. या ऐकण्याची सुरुवात आपल्याच वर्गात झाली. तिथंच माझी एक चूकही झाली. ती आज कबूल करायची आहे.

1983चा पावसाळा. आपण नववीत. बाहेर धो धो पाऊस, अर्धा वर्ग रोवणीमुळं गैरहजर. मराठीचे सर टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात आले आणि कुमार गंधर्वांची कॅसेट लावली. सूर वर जायचा, मध्येच तुटायचा, क्षणभर शांतता, पुन्हा नवा तुकडा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, टेप अडकते का?" वर्ग हसला. तो विचारणारा मीच होतो.

सर रागावले नाहीत. त्यांनी टेप बंद केली आणि गोष्ट सांगितली. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ नावाचा मुलगा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब म्हणून दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. म्हणून नाव पडलं कुमार गंधर्व. पुढं मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडं शिक्षण झालं, नाव झालं, आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. 1948 साली ते हवापालटासाठी माळव्यात, देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं नुसतं अंथरुण. पुढं औषधं लागू पडली, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. आम्ही ज्याला हसलो, ते उरलेल्या श्वासातून उभं केलेलं गाणं होतं.

पण सरांना सांगायचं होतं ते पुढचं. गाता येत नव्हतं, तेव्हा तो माणूस ऐकत होता. घरावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, सणावाराची, पावसाची. दारोदार फिरणाऱ्या साधूंची निर्गुणी भजनं. या धुना त्यांनी टिपून ठेवल्या. तीन-चार स्वरांत फिरणारी साधी धून, पण तिच्यात रागाचं बीज असतं, हे त्यांना दिसलं. त्यातून त्यांनी लगनगंधार, मालवती, संजारी, अहिमोहिनी असे नवे राग उभे केले. 'गीत वर्षा'सारख्या कार्यक्रमांत बंदिशीच्या शेजारी लोकगीत मानानं बसवलं.

मग सरांनी विचारलं, "तुमच्या माय रोवणीला काय म्हणतात? कोणाला येते का एखादं?"

वर्ग गप्प. मलाही येत होती, चार-पाच तरी. माझी माय बांधीत उतरली की पहिला सूर तिचाच असायचा, बाकीच्या बाया मागून झेलायच्या. पण चिखलातलं गाणं वर्गात कसं म्हणायचं, याची लाज वाटली. मी मान खाली घातली. माझी चूक हीच. टेपवर हसलो ते तर सरांनी तेव्हाच माफ केलं.

दुसरी गोष्ट नाटकाची. नाट्यगीत आपल्या झाडीपट्टीला नवं नाही. धान घरात आलं की गावोगाव मंडई, दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाहून कंपनी यायची, ऑर्गन लागायचा, आणि तणसावर पोतं अंथरून आपण पहाटेपर्यंत बसायचो. बालगंधर्वांची पदं मी आधी तिथं ऐकली. नट त्यांची नक्कल करायचा आणि आपण 'वन्स मोअर' द्यायचो.

कुमारजींनी ही पदं गायली तेव्हा नक्कल केली नाही. जो मुलगा कोणाचीही हुबेहूब नक्कल करू शकत होता, त्यानं ती टाळली. 1965 साली, बालगंधर्व हयात असताना, त्यांनी त्यांच्या पदांचा कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. पुढं त्याची रेकॉर्डही निघाली. 'उमजलेले' हा शब्द पाहा. मला जेवढं कळलं तेवढं, माझ्या गळ्यातून. तिकडं युरोपातही ऑपेरा गाणारे मोठे गायक नाताळची जुनी गावगाणी ध्वनिमुद्रित करतात. रंगमंचावरचं गाणं आणि अंगणातलं गाणं, दोन्ही एकाच गळ्यात नांदू शकतात. मात्र आधी कान देऊन ऐकावं लागतं.

कुमारजी 12 जानेवारी 1992 रोजी गेले. माझ्या कपाटात त्यांच्या चाळीसच्या वर कॅसेटी आणि तबकड्या आहेत. माझी माय तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजाची एकही नाही. मोबाइल खिशात होता, दर दिवाळीला घरी येत होतो. कधी म्हटलं नाही, "माय, एक गाणं म्हण ना."

गेल्या आषाढात मोठ्या बहिणीकडं गेलो. आता रोवणी एकरी ठेक्यानं होते, बायांना घाई असते, धुऱ्यावर मोबाइलवरची गाणी वाजतात. बहिणीला म्हटलं, "मायचं ते पहिलं गाणं म्हण." ती म्हणाली, "का गा, आता तुला आठवलं काय?" मग पऱ्ह्याची जुडी हातात घेऊन उभ्या उभ्या तिनं दोन गाणी म्हटली. दुसऱ्याची शेवटची ओळ तिला आठवली नाही. मलाही आठवली नाही. ती ओळ मायसोबत गेली.

मित्रहो, आपल्यापैकी काहींच्या घरी आज माय आहे, आत्या आहे, आजीसुद्धा असेल. कुमारजींकडं अंथरुण, कान आणि वही होती. आपल्याकडं तर यंत्र आहे. या मेळाव्याहून घरी गेलात की एकच करा. त्यांच्याजवळ बसा आणि गाणं मागा. सूर हलला तर हलू द्या, मध्ये थांबल्या तर थांबू द्या. टेप अडकली म्हणून हसू नका.

आणि सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमचा प्रश्न बेचाळीस वर्षं बाकी होता. उत्तर देतो. हो सर, मला येतं. जेवणानंतर ते मी म्हणणार आहे. शेवटची ओळ कोणाला येत असेल, तर कृपा करून सोबत म्हणा.